गाना नहीं खुलने बाबत

आमच्या यशवंतरावांचा रेल्वेच्या ऑफिसात जन्म गेला तो अर्ज लिहिण्यात. बदलीचा, रजेचा, बंद पंख्याचा. निवृत्त होऊन रायपूरच्या समता कॉलोनीत आलो तरी ती खाज काही गेली नाही.

रविवारी मराठी मंडळात माझं गाणं होतं. दरवर्षी पद्मिनी गाते. यंदा मी हट्टाने नाव दिलं. मंडळातल्या मंजिरीने गाण्याचं नुसतं संगीत पेनड्राइव्हवर भरून दिलं होतं, त्यावर गळा बसवायचा. नाही बसला तर पद्मिनी तयारच होती, साडीला इस्त्री करून.

आमच्या लेकीने, राधिकाने, मागच्या सुट्टीत घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. मी गाण्यावर टिचकी मारली, तर पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्या मुलखातली कोण जाणे अशी अक्षरं. आवाजाचं नाव नाही.

"हे काय करून ठेवलं?"

यशवंतरावांनी चष्मा पुसला, तेव्हाच मी ओळखलं.

"काल या कॉम्प्युटरनं मले इचारलं, गाणं कशात उघडू? मी टेक्स्ट एडिटर निवडला, नेहमीसाठी. म्हटलं, बोल दिसतीन, तुले वाचाले बरं पडंल."

म्हणजे माझ्याच काळजीपोटी माझं गाणं बुडवलं होतं. हसावं की रागवावं कळेना, म्हणून रागावले.

बंगळूरला राधिकाला फोन लावला. पोट्टीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "पापा, डिफॉल्ट ॲप्लिकेशन बदल दो, बस," म्हणाली आणि मीटिंगला पळाली.

यशवंतरावांचा चेहरा पडला. "माह्या ॲप्लिकेशनमध्ये आजवर डिफॉल्ट निघाला नाही!" पण माणूस कामाचा. कागद घेऊन बसले. 'सेवा में, श्रीमान... विषय: गाना नहीं खुलने बाबत.' हिंदीत, कारण रायपुरात मराठी अर्ज कोण वाचतो? श्रीमान कोण, यावर मात्र गाडी अडली.

मी तोवर संगीताशिवायच सूर लावत होते. लागला की हाक. शारदा, पेन चालत नाही. शारदा, चहा. शारदा, बेल वाजून राहिली. बेल त्यांच्या खुर्चीला लागून आहे हो!

संध्याकाळी राधिकाचा फोन आला. अर्जाचं ऐकून ओरडलीच, "पापा, ॲप्लिकेशन माने अर्जी नहीं! प्रोग्राम, प्रोग्राम!"

"प्रोग्राम रविवारले आहे," मी म्हटलं.

तिने कपाळावर हात मारल्याचं मला ऐकू आलं. "आई, सुनो. कोई भी काम आए और बिना पूछे जिसके पास चला जाए, वो डिफॉल्ट. अभी सारे गाने एडिटर के पास जा रहे हैं. उस बेचारे को गाना आता ही नहीं."

"मंग या घरातली डिफॉल्ट मीच आहो."

यशवंतरावांनी पुन्हा चष्मा पुसला.

मग तिने सांगितलं तसं त्यांनी केलं. गाण्यावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ओपन विथ, म्युझिक प्लेयर, सेट ॲज डिफॉल्ट. गाणं उघडलं आणि तबला वाजला. मला रडूच आलं.

डोळे मिटून सूर धरला, तेवढ्यात बेल.

"शार..." म्हणून यशवंतराव थांबले.

मी एक डोळा उघडला. "तुमाले पण उजवी टिचकी मारू का?"

मुकाट्याने उठले. दूधवाल्याशी काही बोलणं झालं, मग स्वयंपाकघरात भांडी पडली, मग आवाज आला, "शारदा, दुधाचं गंज कुठी आहे?"

मी उत्तर दिलं नाही. अंतरा चालू होता, आणि कितीतरी वर्षांनी तो मी मधे न थांबता पुरा गायले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दूध पातेल्याऐवजी कुकरात ओतलेलं निघालं. निघू दे.