स्थलांतरित साळुबाई

पुण्याहून आलेल्या जागृती मॅडमच्या टॅबमध्ये छत्तीस प्रश्न होते. कोणतं राज्य निवडणुका किती नीट घेतं, याचे मार्क त्यांची संस्था देणार होती, आणि महाराष्ट्राचे थोडे मार्क पिंपरी पेंढारच्या पलीकडच्या या वाडीतून जायचे होते. उत्तरं द्यायला बसली होती आरती, अंगणवाडीची सेविका. मतदारयादीचं कामही तिच्याच गळ्यात. पोरांना खिचडी घाला, बाळं तोला, आणि उरल्या वेळात लोकशाही सांभाळा!

"घरोघर जाऊन यादी तपासली?"

"हो," आरती म्हणाली.

घरोघर कुठली! गावातल्या तीन आळ्या तेवढ्या ती फिरली होती. उसातल्या वस्त्यांवर जायची वेळ आली तेव्हा दिवस कलला होता, आणि त्याच आठवड्यात बिबट्यानं वासरू ओढून नेलं होतं. मग तिनं मारुतीच्या पारावर बसून नावं मोठ्यानं वाचली आणि बाप्ये सांगतील तसं लिहिलं. तिच्या आधी यादीचं काम बघणारे शाळेचे गुरुजीही असंच करायचे. उसातल्या वस्तीवरच्या साळुबाईचं नाव आलं तेव्हा माजी सरपंच संपत तंबाखू मळत म्हणाला, "ती गेली लेकीकडं, आळेफाट्याला. कायमची." साळुबाई त्याला तोंडावर सांगायची, "तुला मत देणार न्हाई." आरतीला हे चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं 'स्थलांतरित' लिहून सही ठोकली.

विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी म्हातारी उसातनं आली, पळीनं ताटली बडवत. एकटी राहणारी बाई, बिबट्या दूर राहावा म्हणून रोजच तशी यायची. यादीत नाव नाही म्हटल्यावर हातात मतदार कार्ड धरून ती शाळेच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

"कुणी काढलं गं माझं नाव?" तिनं आरतीला विचारलं.

"वरनंच निघालं असंल, आजी."

त्या दिवसापासून आरतीला अन्न गोड लागेना. नाव परत लावायचा फॉर्म भरावा, तर ते मुळात कुणी काढलं ते निघणार आणि नोकरी जाणार. आता पंचायतीचं मतदान तोंडावर आलं, तरी फॉर्म कोराच होता.

"वगळलेल्यांपैकी एक नाव टॅबनं निवडलंय," मॅडम म्हणाल्या. "साळुबाई. खात्री करायचीय."

आरतीला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. जाऊ दे नोकरी, एकदाचं उघडं तरी पडू दे! "चला, वस्ती दाखवते," म्हणत ती उठलीच.

उसाच्या कडेपर्यंत मॅडम आल्या. तिथं 'बिबट्यापासून सावधान' अशी पाटी. ऊस डोक्याच्या वर, पायवाट आत शिरलेली, ऊन उतरलेलं. "इथंच कुणाला तरी विचारू या ना," त्या म्हणाल्या आणि माघारी वळल्या. पारावर कोण बसलेलं? संपतच.

"लेकीकडं असती ती," संपत म्हणाला. मग आरतीकडं बघत, "काय आरती, व्हय ना?"

'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. जन्मात एकदाच. 

"व्हय," ती म्हणाली.

मॅडमनी टॅबवर बोट टेकवलं. "शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! छान काम आहे हो तुमचं." आणि त्या गाडीत बसल्या.

तेवढ्यात उसातनं आवाज आला. टण्, टण्, टण्.

"हे काय वाजतंय?" मॅडमनी काच खाली घेतली.

"कुणी नाही मॅडम," आरती म्हणाली. "बिबट्यासाठी वाजवतात."

गाडी वळणाआड गेली. ताटली काखेत मारून साळुबाई वाटेवर आली, धापा टाकत, मुठीत तेच कार्ड.

"यादीची बाई आलीया म्हणं," ती म्हणाली. "आरते, माझं नाव लागलं का गं?"