मुंबईहून येणारं उत्तर

खांबेटे साहेबांच्या घरी मला मिळणारा चहा कपाच्या काठापासून बोटभर खाली असे. साहेबांचा कप मात्र बशीत सांडेल इतका भरलेला. सुरुवातीला मी तो योगायोग समजले. निरीक्षण दर खेपेला तेच येऊ लागल्यावर तो नियम मानावा लागला.

जीडिमेटल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या औषध कंपनीसाठी त्यांनी माझी मुलाखत घेतली होती. एम.एस्सी. करताना मी ज्या यंत्रांची फक्त चित्रं पाहिली होती, ती तिथल्या प्रयोगशाळेत काचेआड चालू होती. मला ती नोकरी हवी होती. मुलाखत संपताना साहेब इंग्रजी सोडून मराठीत आले. "म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच की. मग फोनबिन कशाला? चौकशीला घरीच येत जा, नल्लकुंट्यात."

मी गेले. "मुंबईच्या हेड ऑफिसहून उत्तर यायचंय," ते म्हणाले आणि त्याच दमात, "आमची सायली एमसेटच्या प्रवेशपरीक्षेला बसतेय. केमिस्ट्री जरा कच्ची आहे. आलाच आहात तर बघा."

मी बघितलं. पुढच्या खेपेलाही बघितलं. नामपल्लीची नुमाइश, जानेवारीतलं ते मोठं प्रदर्शन, भरली, उठली. सायलीला समीकरणं जुळवता येऊ लागली, तरी मुंबई गप्पच होती. साहेब लोडाला टेकून सांगत, "लायसन्सराज संपलं, अनुराधाबाई. आता वशिला नाही, फक्त गुणवत्ता." समोर त्यांची मुलगी माझ्याकडून फुकट शिकत असे. या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसावं.

कोठी भागातल्या एका डॉक्टरांनी मला त्यांच्या लॅबमध्ये जागा देऊ केली. रक्त आणि लघवी तपासायची. हो की नाही, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. शनिवारी दुपारीच मी नल्लकुंट्यात पोचले.

"साहेब, मला आज उत्तर हवंय."

"इतकी घाई? मोठ्या कंपन्यांत प्रोसेस असते हो."

"अक्का, आज बेंझिन नक्को," सायली म्हणाली. "डोकं दुखतंय."

"मग पुस्तक मीट."

"मीट कसं?" साहेब सरळ बसले. "परीक्षा तोंडावर आलीय."

आत कुकर शिट्टी देत होता. त्यावर आवाज चढवून मंगलावहिनी म्हणाल्या, "अहो, अनुराधाला काही बोलून बसू नका हं. सायलीची परीक्षा होऊ दे आधी."

शिट्टी थांबली. सायली पुस्तकात अधिकच वाकली. तिलाही ठाऊक होतं.

"काय बोलायचं नाही, साहेब?"

"तसं काही नाही. तुम्ही हुशार आहात, त्यात वादच नाही."

"ते मी विचारलं नाही."

"मुंबईचं असं आहे की..."

"मुंबई राहू दे. तुम्ही सांगा."

त्यांनी चष्मा काढून लेंग्याला पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. चारशे माणसांच्या कारखान्याचा हा व्यवस्थापक एक शब्द उच्चारायला बायकोच्या परवानगीची वाट पाहत होता.

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. "सांगून टाका एकदाचं. शिकवणीला दुसरं कुणी बघू."

साहेब पंख्याकडे बघत म्हणाले, "जागा संक्रांतीआधीच भरली. तुम्हाला घेतलेलं नाही."