वहीची मागची पानं

सकाळचे साडेसहा वाजले की कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळे श्वास रोखून बसत. विजयमालाबाईंच्या दंडाला पट्टा आवळलेला असे, बीपीचं यंत्र घुर्र घुर्र करत असे, आणि सून ज्ञानेश्वरी गॅस बंद करून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असे. कुकरची शिट्टी झाली की विजयमालाबाईंच्या छातीत धडधडायचं, मिक्सर लागला की आकडा चढायचा. म्हणून घराचा नियमच होऊन गेला होता. त्यांचा आकडा एकशे चाळीसच्या खाली येईपर्यंत गॅस पेटायचा नाही, आणि गॅस पेटला नाही तर कुणाच्या पोटात काही जायचं नाही.

"किती आलं गं?"

"एकशे बावन्न, आई."

"बघ! वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा एकशे अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा एकशे एकसष्ट. मुलगा विश्वजित बूट हातात घेऊन पायाच्या बोटांवर चालत दाराकडे निघाला.

"आई, टेन्शन नको ना घेऊ एवढं."

"मी घेते होय टेन्शन? तुम्ही देता, मी घेते!"

ज्ञानेश्वरीने तिन्ही आकडे शंभर पानी वहीत नीट लिहिले. मग घड्याळ बघितलं, पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि उपाशीपोटीच रबाळ्याची रिक्षा धरायला पळाली. तिथल्या खोके बनवणाऱ्या कारखान्यात ती छपाई तपासायची. आठ तास पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली बारीक अक्षरांवरून नजर फिरवायचं काम.

विजयमालाबाईंची भीती खोटी नव्हती. त्यांचे यजमान जोतीराम साताऱ्याकडून आलेले, बाजारात माथाडी. ते इथे राहायला आले तेव्हा आजूबाजूला घरं कमी आणि खाडीच जास्त होती. दिवेलागणीला कोल्हे ओरडायचे, आणि शेजारणी एकमेकींच्या सोबतीनं पाणी भरायला जायच्या. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेताना न डगमगणारा तो माणूस दवाखान्याच्या पायरीला मात्र घाबरायचा. "मला काय झालंय?" म्हणायचा. एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातून कप सुटला आणि अर्धं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब किती वर्षं वाढलेला असेल, कुणी मोजलाच नाही. आठ महिने अंथरुणावर काढून ते गेले. तेव्हापासून विजयमालाबाई मोजत होत्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, फोन आला तर फोननंतर, आणि बातम्या पाहिल्या तर बातम्यांनंतरही.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सेक्टरच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरायचा. निवृत्त परिचारिका जाईबाई तिथे टेबल मांडून सगळ्यांचं बीपी बघत. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी झालेली, मूळच्या परभणीकडच्या. कट्ट्यावर आकड्यांची चढाओढच चालायची.

"आज माझं एकशे अडतीस!" बाजारातून निवृत्त झालेले रावसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "वहिनी, तुमचं?"

"सकाळी एकशे एकसष्ट," विजयमालाबाईंनी ऐटीत सांगितलं.

"बाप रे! पहिला नंबर तुमचाच. पेढे द्या!"

सगळे हसले. मग विजयमालाबाईंना रविवारची गोष्ट आठवली. सांगायला त्या आतुरच होत्या.

"आमच्याकडची गंमत ऐका. रविवारी गावाकडून पाहुणे आले, बारा माणसं. आणि आमची सून डोळ्यांवर ओढणी टाकून आतल्या खोलीत आडवी! डोकं दुखतंय म्हणे. मी काय केलं, सरळ माझं मशीन घेऊन गेले आणि लावला पट्टा. एकशे अठरा, शहात्तर! सगळ्यांच्या समोर म्हटलं, घ्या, ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत! ऊठ बाई, पुऱ्या तळायच्यात. उठली मुकाट्यानं."

"पकडलंत की हो सुनेला रंगेहाथ!" रावसाहेबांनी मांडीवर थाप मारली. बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

जाईबाई हसल्या नाहीत. "वही आणलीत का विजूताई? डॉक्टरांना दाखवायच्या आधी एकदा मला बघू द्या म्हटलं होतं."

"आणली ना. सूनच लिहिते, मला बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्यानं वाचा हो, कळू दे सगळ्यांना मी काय सोसते ते!"

जाईबाईंनी वही हातात घेतली. ती उलटी धरली गेली आणि मागच्या बाजूनं उघडली. तिथेही तारखा होत्या, तेच नीटस अक्षर होतं.

"तुमचं डोकं पण दुखतं का? बोलला न्हाईत कधी," म्हणत त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तीन तारीख. सकाळी बीपी चार वेळा, नाश्ता नाही. अकरा वाजता उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू. उजेड सहन होईना. दोनदा उलटी. काम पूर्ण केलं. नऊ तारीख. सकाळी बीपी पाच वेळा, नाश्ता नाही. साडेदहाला सुरू. डोळ्यांपुढे वाकड्या रेघा, अक्षरं दिसेनात. बाथरूममध्ये दहा मिनिटं बसले. घरी येऊन स्वयंपाक केला. रविवार. दोन दिवस झोप नाही, पहाटेपासून दुखतंय. पाहुणे. आईंनी..."

जाईबाईंचा आवाज थांबला. त्यांनी वही मिटली.

"काय झालं? पुढचं वाचा की," रावसाहेब म्हणाले. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि ते पायातल्या चपलेकडे बघू लागले.

बागेत पलीकडे मुलं ओरडत होती. कट्ट्यावरच्या बायकांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. विजयमालाबाईंनी हात पुढे केला, वही घेतली आणि चष्मा सावरून रविवारच्या ओळींवरून बोट फिरवत स्वतःच वाचलं. बारीक अक्षर त्यांना चांगलं दिसत होतं.

'आईंनी सगळ्यांसमोर बीपी मोजलं. नॉर्मल आलं. पुऱ्या तळल्या. तेलाच्या वासानं तीनदा उलटी. आईंना सांगायचं नाही, त्यांचं बीपी वाढेल.'

अरेरे! कुणी तोंडात मारली असती तर एवढं लागलं नसतं. बाईंच्या कानशिलांवरून गरम वाफ गेल्यासारखं झालं. जिला आपण चारचौघांत नाटकी ठरवलं, ती ओकत ओकत आपलीच काळजी वाहत होती!

आणि त्याच क्षणी त्यांना त्यांची थोरली जाऊ आठवली. रखमा. गावी लग्न होऊन आल्या तेव्हा विजयमालाबाई सतरा वर्षांच्या होत्या. रखमा महिन्यातून दोन-चार दिवस कपाळाला फडकं करकचून बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात बसायची. अर्धशिशी, अर्धशिशी म्हणायची. सासू म्हणायची, कामचुकार आहे, दळायचं, पाणी भरायचं आलं की हिचं डोकं उठतं. आणि नवी नवरी विजयमाला सासूची मर्जी राखायला खुदकन हसायची. रखमा तशीच फडकं बांधून उठायची आणि जात्यावर बसायची. पंचेचाळीस वर्षं झाली. रखमा गेलीसुद्धा. तेव्हाही आपण हसलो, आजही आपणच हसवलं!

"जाईबाई," त्या म्हणाल्या, "पण मशीन तर नॉर्मल दाखवत होतं हो."

"मशीन खरं तेच बोललं, विजूताई." जाईबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "ते रक्ताचा जोर मोजतं. डोक्यातला ठणका मोजायचं मशीन अजून बाजारात आलं न्हाई. तिथं माणसाच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो. डॉक्टरबी तेच करतात, म्हणून तर तिला तारखा लिहायला सांगितल्या असतील. उपास, जागरण, डोळ्यावर उजेड, मनाला घोर. अर्धशिशीवाल्याला ह्यातलं एक पुरतं. तुमच्या घरी तिला सगळीच मिळायलीत."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम कोण करतंय? भीतीनं करायलात. आणि ते मोजणं तरी बरोबर हाय का? बोलत बोलत, लगोलग तीनदा. भ्यालेल्या माणसाचं मोजलं की चढणारच. चढलं की अजून भ्यायचं, भ्यालं की परत मोजायचं! सकाळी पाच मिनिटं गप बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, लिहा, मशीन कपाटात ठेवा. संध्याकाळी तसंच. गोळी वेळेवर घ्या, बाकी डॉक्टर बघतील. हां, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय बधिर पडले, तर मात्र मोजत बसू नका, दवाखाना गाठा. समजलं?"

विजयमालाबाईंनी मान हलवली. त्या उठल्या, पण लगेच गेल्या नाहीत. टेबलाचा कोपरा धरून उभ्या राहिल्या.

"रावसाहेब, मघाशी मी गंमत म्हणून सांगितलं ना, ती गंमत नव्हती. माझी सून आजारी होती, आणि मी तिला पाहुण्यांसमोर खोटं पाडलं. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे हसलात. आता हेही माझ्याच तोंडून ऐकलंत, ते विसरू नका."

मघाशी हसलेल्या बायकांतली एक डोळे पुसत होती. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

सात वाजता ज्ञानेश्वरी घरी आली. उजवा डोळा अर्धा मिटलेला, एक हात भिंतीला. दार उघडलं तर घरात दिवा नाही, टीव्ही बंद, खिडकीवर चादर लावलेली. ती दचकली. पर्स तशीच खांद्याला ठेवून धावत आत आली.

"आई! काय झालं? बीपी जास्त आलं का? गाडी बोलवू?"

विजयमालाबाईंना हुंदका आवरेना. अंधार तिच्यासाठी केलाय, हे त्या पोरीच्या मनातसुद्धा आलं नव्हतं!

"मला काही झालं नाही. मी आज मोजलंच नाही संध्याकाळी. तू आडवी हो. वरणभात करून ठेवलाय, जाईल तेवढा खा, गोळी घे." त्या थांबल्या. सासूनं सुनेला असं म्हणायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. "ज्ञानेश्वरी, तुझी मागची पानं वाचली गं मी. कट्ट्यावर वाचली गेली, चारजणांनी ऐकली. तीही माझीच चूक. चुकले मी. रविवारी तुझा अपमान केला. मला..."

ज्ञानेश्वरी पलंगाच्या कडेवर बसली. तिनं खांद्यावरची पर्स काढून बाजूला ठेवली.

"ती पानं डॉक्टरांसाठी होती, आई. लोकांनी ऐकायला नव्हती," ती हळू म्हणाली. मग कपाळ दाबत म्हणाली, "आणि आत्ता बोलू नका. आवाज लागतो."

विजयमालाबाईंचे पुढचे शब्द ओठांवरच राहिले. माफी मागून मोकळं व्हायचं होतं, तेही आज मिळणार नव्हतं. त्यांनी दार अलगद लोटलं आणि बाहेर, अंधारात, खाली मान घालून बसून राहिल्या. विश्वजित आला तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला बूट दाराबाहेरच काढायला लावले.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीच्या हातात डबा आणि पोटात पोहे होते. ती गेल्यावर विजयमालाबाई पाच मिनिटं गप्प बसल्या आणि मग मोजलं. एकशे सेहेचाळीस, एकशे बेचाळीस. त्यांनी ते आकडे आपल्या हातानं लिहिले आणि ते सांगायला कुणाला फोन केला नाही. पुढच्या आठवड्यात दोघी एकाच रिक्षानं दवाखान्यात गेल्या. एकीची गोळी बदलली, दुसरीला रजेसाठी चिठ्ठी मिळाली. अर्धशिशी पळून गेली असं नाही. ती अजून येते, पण महिन्यातून पाच वेळांऐवजी एखाद-दुसऱ्या वेळी. आली की ज्ञानेश्वरी आता सांगते, "आई, सुरू झालं." हे तीन शब्द तिच्या तोंडून निघायला आणखी दोन महिने लागले. तेवढी वाट बघणं ही विजयमालाबाईंची शिक्षा होती, आणि त्यांनी ती कुरकुर न करता भोगली.

सुजाण वाचकहो, रक्तदाब जरूर मोजा. न मोजल्यानं घरं उजाडतात. पण त्या आकड्याचा धाक घरादाराला घालू नका, आणि त्या आकड्यानं दुसऱ्याचं दुखणं तोलू तर नकाच. ज्या दुखण्याला आकडा नसतो, तेही दुखणंच असतं. आपल्या घरात कुणीतरी कपाळ दाबत, उजेडाकडे पाठ करून, मुकाट्यानं भाकऱ्या थापत असेल. आज तिला विचारा. आणि ती सांगेल ते खरं माना.