संडासाचं दार

टबातल्या पाण्यावर बाळ दोन्ही हातांनी थापट्या मारत होतं आणि सासूबाई टॉवेल घेऊन "बास झालं हो राजे, आता बाहेर या" अशी त्याची मनधरणी करत होत्या. शिवणवाली सून हसत होती. तिचा नवरा सुतार. सुट्टीचा दिवस म्हणून तो जमिनीवर आडवा पडला होता. तेवढ्यात खालून घरमालकांची हाक आली.

"सुतारदादा, मोकळे आहात का? संडासाचं दार पार कुजलंय हो. तेवढं काढून द्या, नवीन बसवून टाकू."

त्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून पॅसेजच्या टोकाला एकच संडास होता. मालक कधी आवाज चढवत नसत. भाडेकरू त्यांना पाठीमागे गोडबोल्या म्हणत. सुताराने हौसेने बिजागऱ्या सोडवल्या, दार खांद्यावर घेतलं आणि स्वतः मालकांच्या गोदामात नेऊन ठेवलं. परत आल्यावर बायकोला म्हणाला, "बघ, आपण उगाच त्या माणसाला नावं ठेवतो."

नवीन दार आलंच नाही.

सुताराने प्लायवूड ठोकलं, ते संध्याकाळपर्यंत गायब. बायकांनी चादर बांधली, तीही गेली. शेवटी शिवणवाली बाळाला कडेवर घेऊन मालकांकडे गेली.

"ऑर्डर दिलीय हो ताई. तोवर माझ्या भिंतीला न विचारता खिळे मारू नका. आणि फारच अडचण होत असेल तर…" ते हसले. "मी कुणाला जा म्हटलंय का? दार तरी मी कुठे काढलं? तुमच्याच यजमानांनी काढलं ना?" एवढं बोलून त्यांनी बाळाचा गालगुच्चा घेतला.

घरी येऊन तिने आधी तो गाल ओल्या फडक्याने पुसला.

मालकांना इमारत रिकामी हवी होती. कायद्याने काढायचं तर कोर्टात जाऊन कारण द्यावं लागलं असतं, भाडेकरूंचंही ऐकून घेतलं गेलं असतं. त्यापेक्षा दार काढणं सोपं. पुढचं काम बायकांची लाज आपोआप करणार होती, आणि ती करतही होती. एकीने आत जायचं, दुसरीने पाठ करून उभं राहायचं. पॅसेजमधून मालकांचा दिवाणजी उगाचच येरझाऱ्या घालायचा. इस्त्रीवालीने मुलींना घेऊन बहिणीचं घर गाठलं. समोरचे मास्तर म्हणाले, "जरा जमवून घ्यायचं." त्यांना जमत होतं. ते शाळेत जाऊन येत.

सासूबाईंनी गाजावाजा न करता पाणी पिणंच सोडलं. चहाला नको म्हणायच्या, घासाबरोबर घोटभर घ्यायच्या. ओठांना चिरा पडल्या. मग एके दुपारी हुडहुडी भरली, ताप चढला, पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात दाखल करावं लागलं. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टर रागावले, "आजी, पाणी का पीत नव्हता?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. लाज त्यांना वाटत होती. ज्याला वाटायला हवी होती, तो त्याच दिवशी फळं घेऊन विचारपूस करून गेला.

शिवणवालीने ती फळं पिशवीसकट कचऱ्यात टाकली आणि गरिबांसाठी फुकट काम करणाऱ्या वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

"कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणी घराबाहेर काढू शकत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणि पाणी, वीज, संडास बंद पाडून हुसकावणं हाही गुन्हाच. पण तक्रारीत सगळं स्पष्ट लिहावं लागेल. कोर्टात बोलावंही लागेल."

घरी येऊन तिने हे सांगितलं, तर शेजारणींच्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, चारचौघांत उभं राहून संडासाचं सांगायचं? काहीतरीच तुझं!"

सासूबाई दवाखान्यातून घरी परतल्या. सुनेने पेला पुढे केला, तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला. सुनेने पेला खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, आपल्या खोलीचं दार काढा. तिकडे बसवा."

"आपलं? वेडी झालीस का? घर उघडं पडेल."

"पडू दे. घरात आपण जेवतो, झोपतो, मी बाळाला पाजते. ज्याला बघायचं त्याने बघावं."

"आणि हेही नेलं तर?"

"न्यावं की. घराचं दार चोरलं असं सांगायला कुणालाच लाज वाटायची नाही."

सुताराने हत्यारांची पेटी ओढली. एक दार त्याने कुणाच्या तरी गोड बोलण्यावर काढलं होतं. हे मात्र तो डोळे उघडे ठेवून काढत होता. कडांना रंधा मारून त्याने ते संडासाला बसवलं, आतून जाड कडी लावली.

ठोकाठोकी ऐकून मालक वर आले. उघड्या चौकटीतून त्यांना अंथरूण दिसलं, शिलाई मशीन दिसलं, भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजणारी सून दिसली. ते गडबडून मागे सरले आणि संडासाच्या दाराकडे गेले. "हे कुणाला विचारून बसवलं?" त्यांनी दार ढकललं.

"आत आहे मी!" सासूबाई आतून कडाडल्या. "थांबा जरा!"

पॅसेजमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मालकांना थांबावं लागलं. सासूबाई सावकाश बाहेर आल्या.

"तुमच्यापायी मी पाणी सोडलं होतं. हे कोर्टात सांगणारे मी. कुठे दुखत होतं, का दुखत होतं, सगळं."

"आजी, असल्या गोष्टी चारचौघांत…"

"का हो? लाज वाटते तुम्हाला?"

मालक जिना उतरून गेले. मास्तर आपल्या दारात उभे राहून चप्पल शोधत होते. ती त्यांच्या पायातच होती. त्यांची बायको मात्र पुढे आली आणि शिवणवालीला म्हणाली, "तक्रारीत माझंही नाव घाल."

सासूबाई उघड्या चौकटीतून घरात आल्या, बाळाशेजारी टेकल्या.

"सूनबाई, पाणी दे गं," त्या म्हणाल्या. "पेला नको. तांब्याच दे."