एलियानचं जुनं शहर

आमच्या डोंगरातल्या गावात दुधाची सहकारी डेअरी आहे. तिथं आन्सेल्म आणि मी एकवीस वर्षं शेजारी शेजारी उभं राहून चीज केलं. माणूस अबोल. पण ल्योंहून परत आला त्या आठवड्यात त्यानं मला सगळं सांगितलं, चिजाच्या चाकाएवढ्या गोल लाद्यांना मीठ चोळता चोळता.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलीनं दोघांना ल्योंची तिकिटं काढून दिली होती. सकाळी जा, पोटभर खा, संध्याकाळी या. लग्नाआधी त्याची बायको एलियान त्या शहरात दोन वर्षं रेशमी रुमालांच्या कारखान्यात शिवणकामाला होती, एवढं आन्सेल्मला ठाऊक होतं. त्यापलीकडे त्यानं कधी विचारलं नव्हतं, तिनंही सांगितलं नव्हतं.

स्टेशनातून बाहेर पडल्यापासून एलियान पुढे आणि हा मागे. गावात जिना चढताना गुडघे धरणारी बाई इथं टेकडीचा चढ चटचट चढत होती. एका जुन्या इमारतीपाशी थांबून तिनं दाराची पितळी कळ दाबली आणि आपल्या बापाचं घर असल्यासारखी आत शिरली. अंधारा बोळ, मग चौक, मग जिना, आणि बाहेर पडले ते थेट खालच्या रस्त्यावर.

"हा रस्ता तुला कुणी दाखवला?" आन्सेल्मनं विचारलं.

"गास्तोंनं."

"कोण गास्तों?"

"बाजारात चीज विकायचा. तेव्हाचा मित्र."

"मित्र म्हणजे?"

"आन्सेल्म, मी बावीस वर्षांची होते. तुझी-माझी ओळखसुद्धा नव्हती. चल, भूक लागलीय."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. भांडता तरी आलं असतं.

तिनं त्याला एका छोट्या खानावळीत नेलं. सकाळचे दहा वाजले होते आणि लोक वाइन घेऊन बसले होते. विणकरांच्या काळापासून तिथं न्याहारी अशीच जड असते. एलियाननं यादी न बघताच आतड्यांचं सॉसेज मागवलं, मोहरीच्या सॉसमधलं. आन्सेल्म बघतच राहिला. त्याला स्वतःला आतडी फार आवडतात, पण पस्तीस वर्षांत एकदाही ती घरात शिजली नव्हती. पडद्यांना वास लागतो, असं ती म्हणायची.

"तू हे खातेस?"

"इथं खायचे."

"त्याच्याबरोबर?"

"हो. दर शनिवारी." तिनं पावानं ताटलीतला सॉस निपटला. "तोंड का असं झालंय तुझं? खा की, गार होतंय."

आन्सेल्मनं ताटली पुढे सारली. पस्तीस वर्षं तो मेहुणीकडे जाऊन चोरून आतडी खात होता!

तिथून दोघं बाजारात आले. टेकडीवरच्या हमरस्त्याला लांबच लांब रांग असते दुकानांची: भाज्या, भाजलेल्या कोंबड्या, गुलाबी बदामांचे टार्ट. एलियान एका काचेसमोर थांबली. तिनं चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि केस कानामागे सारले. चष्म्याशिवाय तिला चार हातांवरचं दिसत नाही.

"तो अजून इथं आहे?" आन्सेल्मनं विचारलं.

"मला काय माहीत? असला तर असला."

होता. पांढऱ्या मिशा, ढेरपोट, निळा एप्रन. आन्सेल्मनं त्याच्या आधी त्याचा माल बघितला. सगळा मऊ, ओघळणारा. आमच्याकडे असलं चीज आजारी माणसाला देतात. त्याला जरा बरं वाटलं.

"बोला मादाम, काय देऊ?" गास्तोंनं सुरीच्या टोकावर एक तुकडा तिच्यासमोर धरला.

तिनं खाल्ला. हसली. "मी पूर्वी इथंच राहायचे. वरच्या गल्लीत."

"असं? मग तुम्हाला चांगलं-वाईट कळणार. हे घ्या, आजच पिकलंय." आणि तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "आलोच हां, ताई!"

एलियान तशीच उभी राहिली, हातात पुडकं घेऊन.

खरं तर आन्सेल्मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग तिचा चेहरा दिसला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो रांग मोडून पुढे गेला.

"अहो मालक, ही एलियान आहे. रुमालांच्या कारखान्यातली. नीट बघा जरा!"

"आन्सेल्म, राहू दे," ती पुटपुटली.

गास्तोंनं बघितलं. सुरी खाली ठेवून, डोळे बारीक करून बघितलं. "अरे हो, हो! एलियान! लाल केसांची! काय गं, कशी आहेस?"

तिचे केस तेव्हा कोळशासारखे काळे होते. लग्नाच्या फोटोतही काळेच आहेत.

"हो," ती म्हणाली. "लाल केसांची. मी मजेत आहे. येते मी."

टेकडीच्या कडेला एक बाक आहे, तिथून खाली सगळं शहर दिसतं. दोघं बसले. तिनं पुडकं सोडलं, चष्मा लावला आणि रडायला लागली. हमसून नाही, आपली डोळे पुसत पुसत.

आन्सेल्मनं चीज चाखलं. त्याला नावं ठेवायची फार इच्छा होती. पण हाडाचा चीजवाला तो. "चांगलं केलंय," असं त्यानं कबूल केलं आणि त्याचाही त्याला राग आला.

थोड्या वेळानं न राहवून तो म्हणाला, "मी तुला विसरलो असतो, तर अशी रडली असतीस?"

"तू? तू कसला विसरतोस! मी कुठल्या साली सूप खारट केलं, तेही तुला पाठ आहे."

तो हसला नाही. पस्तीस वर्षांत आपल्यासाठी ही अशी कधी रडली का, हे तो आठवून बघत होता.

दुपारी जेवायला बसल्यावर तिनं विचारलं, "काय मागवू तुला?"

"या गावात तू आजवर कधीच खाल्लं नाहीस, असं काहीतरी."

ती यादी घेऊन बराच वेळ बसली. पानं उलटली, परत मागे आली. वाढणारी बाई दोनदा येऊन गेली. शेवटी तिनं दोघांसाठी कोंबडीच्या काळजाचा केक मागवला, टोमॅटोच्या रश्श्यातला.

"हे खरंच नाही खाल्लं कधी?"

"नाही रे बाबा. शपथ घेऊ?"

केक कोरडा होता आणि रस्सा आंबट. एलियाननं दोन घास खाऊन बाजूला सारला. आन्सेल्मनं आपला संपवला, मग तिचाही संपवला आणि वाढणाऱ्या बाईला मुद्दाम बोलावून सांगितलं, "फार छान झालाय."

"खोटारडा," एलियान म्हणाली. पण तिनं त्याच्या ग्लासात वाइन ओतली आणि उठेपर्यंत आपली खुर्ची त्याच्या बाजूला सरकवून बसली.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून होती. दोन स्टेशनं गेल्यावर आन्सेल्मनं विचारलं, "त्याचं आडनाव काय होतं?"

"आठवत नाही."

"आतड्यांचं आठवतं, बोळ आठवतो, आणि आडनाव आठवत नाही?"

"नाही आठवत, आन्सेल्म."

हे सांगताना त्यानं मिठाचा हात झटकला आणि माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं, आठवत असेल तिला?"

नसेल, असं मी म्हणालो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.