वर अर्धे, खाली अर्धे

मित्रांनो, मी एक जुने झाड आहे, पण मला आजवर कोणी पाणी घातलेले नाही. माझे खोड लोखंडी नळीचे आणि पाने हिरव्या प्लास्टिकची. जवळजवळ सारे वर्ष मी खोक्यात पडून असते. नाताळ जवळ आला की माणसे मला बाहेर काढतात, झटकतात आणि सजवतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे तारांना पीळ देऊन त्यांत प्लास्टिकच्या काड्या पकडत आणि फांदी तयार करत. कोणती फांदी कुठे बसवायची हे कळावे म्हणून तिच्या टोकाला रंगाचा ठिपका असे. खालच्या ओळीला लाल, मधल्या ओळीला पिवळा, वरच्या ओळीला निळा. माझी नळी मात्र एक नव्हती, दोन होत्या. खालची जाड, वरची बारीक. वरचीचे टोक खालचीच्या तोंडात बसले की मी पुरे होत असे.

मला विकत घेतले एका दुमजली घरातल्या वडिलांनी. घरात ते, आई आणि दोन मुलगे. थोरला ठिपके बघून फांद्यांचे ढीग लावी, धाकटा त्या खोची आणि हमखास चुकवी. मग थोरला ओरडे, "अरे, निळी आहे ती! डोळे आहेत की बटणं?" आई काचेचे गोळे जुन्या वर्तमानपत्रातून एकेक सोडवी. वडील दिव्यांची माळ गुंडाळत आणि शेवटी शेंड्यावर चांदणी बसवत. दिवे लागले की रस्त्यावरून जाणारी माणसे खिडकीपाशी थबकत. कौतुक कोणाला नको असते? मलाही आवडे.

मुलगे मोठे झाले. थोरल्याने चपलांचे दुकान काढले, धाकट्याने वेल्डिंगचे. दोघांची लग्ने झाली. पुढे वडील गेले आणि वर्षभरात भावांचे बिनसले. सुरुवात पाण्याच्या टाकीवरून झाली आणि बघता बघता लहानपणच्या मारामाऱ्याही उकरून निघाल्या. वाटणी करून द्यायला मामा आले. वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकट्याला, जिना सामाईक. कपाटे झाली, गाद्या झाल्या, कढया आणि झारेही झाले. मग मी निघाले. मला सोडायला कोणी तयार होईना. बोलून बोलून मामांच्या तोंडाला फेस आला होता. ते वैतागून म्हणाले, "मग करा की त्याचे दोन तुकडे! वरच्याला वरचं, खालच्याला खालचं!"

मामा चेष्टेने बोलले होते. भाऊ म्हणाले, "चालेल."

दिव्यांची माळही अशीच वाटली. थोरल्याने ती मधोमध कात्रीने कापली. अशी कापली तर कोणताच अर्धा भाग पेटणार नाही, हे धाकट्याला पक्के ठाऊक होते. पण अबोला सुरू झाला होता, म्हणून तो गप्प बसला. दोघांच्याही वाट्याला अंधार आला.

तुम्ही विचाराल, तुकडे झाल्यावर हे बोलते आहे कोण? मी दोन्हीकडे होते. वर शेंड्यापासून कमरेपर्यंत, खाली कमरेपासून पायांपर्यंत. वर मला पाय नव्हते, म्हणून थोरल्याने बादलीत सिमेंट कालवले आणि माझी नळी त्यात रोवून टाकली. खाली मला डोके नव्हते, म्हणून धाकट्याने नळीच्या उघड्या तोंडावर पत्र्याचा तुकडा वेल्ड केला आणि त्यावर विकतची चांदणी डकवली. वर मी उलट्या झाडूसारखे दिसे, खाली कापलेल्या झुडपासारखे. आपले तेवढे खरे, असे दोघांनाही वाटे.

आईचीही वाटणी झाली होती. जानेवारी ते जून खाली, जुलै ते डिसेंबर वर. नाताळ काही जूनमध्ये येत नाही, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यामुळे दर नाताळला आई थोरल्याकडेच. धाकट्याला हे पहिल्याच डिसेंबरात कळले, पण मागायला त्याची जीभ रेटेना आणि द्यायला थोरल्याची. दोघी जावा जिन्यात उभ्या राहून मुलांच्या तापाबद्दल हळूच बोलून घेत, भाऊ मात्र एकमेकांची पावले ऐकून दार लावत. नाताळला वर जेवण चाललेले असे आणि आईचे कान खाली असत. तिला दोन्ही मुलगे एका वेळी समोर हवे होते. दुसरे काही नको होते.

एका वर्षी थोरल्याच्या मुलीने, चिमणीने, विचारले, "आजी, काकाच्या झाडाला डोकं का नाही गं?"

 नाताळच्या आदल्या दुपारी आईने आपली खुर्ची उचलली आणि जिन्याच्या मधल्या वळणावर नेऊन ठेवली. शाल पांघरून ती तिथे बसली.

थोरला धावत आला. "आई, हे काय भलतंच? वर चल."

"मी आज ना वर, ना खाली. जिना सामाईक आहे ना? मग मी सामाईक जागेत बसलेय."

"वारा किती येतोय इथे. आजारी पडशील."

"पडले तर मला कुठे न्यायचं, ते खालच्याशी बोलून ठरव."

आवाज ऐकून धाकटाही पायऱ्या चढून आला आणि दोन पायऱ्या खाली थांबला. आई दोघांकडे बघून म्हणाली, "माझं झाड इथे आणा. अख्खं."

मला आणले ते जावांनी. एकीने बादलीसकट, दुसरीने पत्र्यासकट. मला समोरासमोर ठेवले तेव्हा सगळ्यांना दिसले की मी आता जोडता येणार नाही. वरचे टोक सिमेंटात, खालचे तोंड बंद. 

मग थोरला हातोडा घेऊन आला. बादली फुटली, सिमेंटचे ढेकूळ निघाले, पण नळीचे टोक पार चेपले होते. धाकटा दुकानातून लोखंड कापायची करवत घेऊन आला. चेपलेले टोक तर कापायचेच होते; पत्राही वेल्डिंगने घट्ट बसलेला, त्यामुळे खालच्या नळीच्या तोंडाकडचा भागही कापायला हवा होता. त्याने एका हाताने नळी दाबून धरली, दुसऱ्याने करवत चालवली. नळी गोल गोल फिरू लागली. पुन्हा लावली, पुन्हा फिरली. थोरला वरच्या पायरीवरून बघत होता. धाकट्याने मान वर केली नाही. तो नळीकडे बघतच म्हणाला, "धर जरा."

थोरला खाली बसला आणि त्याने नळी दोन्ही हातांनी धरली.

"इथे नको, बोट जाईल. खाली धर."

"धरलंय. तू काप."

इतक्या वर्षांत भाऊ एकमेकांशी बोलले ते एवढेच. आई रडली. तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

त्या संध्याकाळी मी जिन्यात उभे राहिले, पूर्वीपेक्षा हातभर बुटके आणि जरा तिरके. गोळे लागले, नवी माळ पेटली, सगळी माणसे पायऱ्यांवर ताटे घेऊन बसली. भावांचे सगळे मिटले असे मात्र नाही. टाकीवरून अजून कुरबुर होते. आईने त्यानंतर दोन नाताळ पाहिले, दोन्ही त्याच वळणावर.

मित्रांनो, वस्तू वाटून घ्यायची वेळ कोणत्याही घरावर येते. आली तर खुशाल वाटून घ्या. पण जिथून ती जोडली जाते, ती जागा बुजवू नका. नंतर करवत कुठेही मिळेल, पण नळी धरायला तुमचा भाऊ तोवर जिन्यात असेलच, असे नाही.