धनश्रीची चिंचपेटी

दसरा जवळ आला की पाथर्डीकडच्या गावांत ऊसतोडीला जायची बांधाबांध सुरू होते आणि जुनाच प्रश्न डोकं वर काढतो. आईबाप कारखान्यावर जाणार, मग वयात आलेली पोर ठेवायची कुणाजवळ? बहुतेक घरांत त्यावर एकच तोड निघते, लग्न. पोरीला मात्र कुणी विचारत नाही.

गहिनीनाथची धनश्री नववीत होती. मोबाईलवर एका नटीच्या गळ्यातली मोत्यांची चिंचपेटी तिनं पाहिली आणि तिला दुसरं काही सुचेना. आईच्या फाटक्या साडीचे काठ, तुटलेल्या माळांचे मणी आणि जाड दोरा, एवढ्यावर पोरीनं हुबेहूब तशी चिंचपेटी ओवली. मग कानातले झुबेही केले. गल्लीतल्या पोरी ओट्यावर गर्दी करू लागल्या. "धने, मला बी कर ना गं!"

नवरात्रात मोहट्याच्या देवीला ती हे सगळं घालून गेली. काय गोड दिसत होती! पण गावाला बोलायला निमित्तच लागतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "गहिनीनाथ, पोरगी नटाया लागली की. आता घरात ठिवायची न्हाई."

बापाच्या जिवाला घोर लागला. त्यानं घाईघाईनं स्थळ पाहिलं. मुलगाही ऊसतोडीचाच. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. लग्न लावलं की मुलाचा कोयता पुरा होणार आणि बापाची काळजी मिटणार. सगळ्यांना हेच शहाणपणाचं वाटलं!

सुपारी फोडायच्या दिवशी गहिनीनाथची थोरली बहीण भागिरथी आली. पाहुणे यायचे होते. पोरीला तयार करायला भावजयीनं तिला आत पाठवलं. धनश्री चुलीपाशी बसली होती. हातात कात्री, आणि पुढ्यात सगळ्या दागिन्यांचे तुकडे. मणी घरभर सांडले होते.

"आत्या, मी नटले म्हनून माझं लगीन लावत्यात ना?" ती हुंदके देत म्हणाली. "हे बघ, समदं तोडलं. परत कवाच न्हाई नटायची. पप्पांना सांग ना, मला शाळंत जाऊ द्या म्हनावं!"

भागिरथीनं पोरीचा हात धरला आणि तिला तसंच बाहेर नेलं.

"गहिनी, बघ हिच्याकडं. पोरीनं मनी ववले रं, गुन्हा न्हाई केला!"

"आक्का, लोक काय म्हनत्याल?"

"लोक? मला ह्याच वयात उजवलं तवा लोक लई खूस हुते. पहिलं लेकरू उसाच्या फडातच गेलं माझं. तवा कुनी आलं का डोळं पुसाया? पोर नटती तिच्या हौसंनं. तुला तिच्यात नवरी दिसती, ह्यो तुझ्या नजरंचा दोस हाय! आन् ठिवायचं म्हनशील, तर मी ह्या साली फडावर जात न्हाई. पोर माझ्यापाशी ऱ्हाईल."

गहिनीनाथनं लेकीकडं पाहिलं. ती बापापुढं हात जोडून उभी होती. स्वतःच्या बापापुढं! त्याला ते पाहवेना. त्यानं फोन लावला आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून शिव्या आल्या, त्या त्यानं ऐकून घेतल्या.

हंगाम संपल्यावर परतताना त्यानं राहुरीच्या बाजारातून लेकीसाठी मोत्यांची पुडी आणली. धनश्री दहावीत जाणार होती, चांगल्या मार्कांनी. तिनं मोत्यांवरून बोट फिरवलं आणि पुडी परत त्याच्या हातात दिली.

"नको पप्पा. लोक बघत्यात."

गहिनीनाथ लेकीसमोर ढसाढसा रडला.

मंडळी, लग्न वेळेवर थांबलं, पण पोरीचं मन मोडायचं ते मोडलंच. आपल्या घरातली लेक आरशापुढं उभी राहिली तर तिला राहू द्या. तिनं नवरा मागितलेला नसतो हो! तिला आपलं रूप आवडलेलं असतं, तेवढं तरी तिला आवडू द्या.